बंदीतला हप्ता

आमच्या गल्लीत उसने पैसे परत द्यायला कुणी आलं की घेणाऱ्याने आधी म्हणायचं असतं, "काय घाई होती?" पैसे मोजून घेतले नाहीत तरी चालतं, चहा विचारला नाही तरी चालतं, पण हे म्हणायचं राहिलं तर देणारा घरी जाऊन तोंड पाडून बसतो. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगात असंच असणार. पुढे शिकले, नोकरीला लागले, आणि एका बँकेच्या गारेगार केबिनमध्ये मला कळलं की जगाला घाईच हवी असते.

गल्ली म्हणजे अंधेरीच्या पश्चिम टोकाला, खाडीच्या तोंडाशी असलेला आमचा कोळीवाडा. बाहेरच्या रस्त्यावर काचेच्या इमारती आल्या, आईच्या एका दिवसाच्या धंद्याएवढ्या किमतीची कॉफी विकणारी दुकानं आली, आत आम्ही होतो तसेच राहिलो. जून लागला की सरकारची मासेमारीबंदी सुरू होते. होड्या वर ओढतात, त्यांच्यावर ताडपत्र्या पडतात. पुढे सरकारने बंदी उठवली तरी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडचं कुणी होडी पाण्यात घालत नाही. या सगळ्या दिवसांना आम्ही नुसतं 'बंदी' म्हणतो. बंदीत घरात पैसा येत नाही, जातो मात्र भरपूर. जाळी, रंग, इंजिनाची दुरुस्ती, पोरांच्या शाळा, सगळं नेमकं तेव्हाच. म्हणून बंदीत कुणी कुणाकडे पैसे मागत नाही. देणं असेल ते पौर्णिमेनंतर, पहिल्या फेरीचे मासे विकले की सगळं एकदम. हा नियम कुणी कुणाला शिकवत नाही. पण बंदीत दुसऱ्याच्या दारात मागायला उभा राहिलेला माणूस मी लहानपणी कधी पाहिला नाही.

माझी आई मासळीबाजारात बसते. माझ्या जन्माच्या आधीपासून बसते, आणि तिचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. तिच्याकडे चार पैसे शिल्लक असायचे, कारण ती स्वतःवर कधी खर्च करत नसे. मे महिन्यात ती त्यातले काही समोरच्या नाखविणीला द्यायची. नाखवा म्हणजे होडीचा मालक, त्याची बायको ती नाखवीण. आईची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी एकमेकींना इतक्या शिव्या द्यायच्या की नवीन माणसाला वाटावं, आता झिंज्या धरतील. नाखवीण त्या पैशांतून जाळी घ्यायची आणि पौर्णिमेनंतर परत करायची. वर पहिल्या फेरीतला वाटा आमच्या दारात यायचा. परातीत कोळंबी, वर दोन-चार पापलेटं. ज्यांनी बंदीत आपल्याला सांभाळलं त्यांच्या दारात पहिला वाटा पाठवायचा, ही आमच्याकडची रीत. कुणाच्या दारात किती वाटे आले यावरून त्या घराची पत कळते.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. त्याची कारणं गल्लीला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. आमच्या घरात खाली भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलं, वर मी आणि आई. वर जायला लोखंडी जिना, इतका उभा की शिडीच म्हणा. आईचे गुडघे गेले तसा तो जिना माझ्या डोळ्यांत खुपायला लागला. ती चढताना प्रत्येक पायरीवर समुद्राला एक शिवी द्यायची, समुद्राचा काही संबंध नसताना. कुणाकडे खाली बसणंही तिने सोडलं होतं. कुणाच्या उंबऱ्यावर, पायरीवर बसलं तर उठताना दुसऱ्याचा हात धरावा लागतो, आणि ते तिला चालत नसे. बाजारात ती उंच स्टुलावर बसायची.

या सगळ्याच्या आधीची गोष्ट फ्रीझरची. बर्फ वितळतो, उरलेला माल संध्याकाळी पडेल त्या भावाने द्यावा लागतो, हे आईचं कायमचं दुखणं होतं. तिला गाळ्यात ठेवायला मोठा डीप फ्रीझर हवा होता. दुकानातल्या फायनान्सवाल्याने पगाराची स्लिप मागितली, तर आईने त्याला आपले दोन्ही हात पुढे करून दाखवले. तो बिचारा हसला, पण स्लिप ती स्लिप. शेवटी कर्ज माझ्या नावावर घेतलं. दुकानातून बाहेर पडायच्या आत आईने ठरवून टाकलं की फ्रीझर तिचा, हप्ता तिचा, मी मध्ये पडायचं नाही. बाजाराजवळच्या बँकेत आम्ही हप्त्यासाठी एक खातं उघडलं. त्यात माझं नाव पहिलं आणि पैसे भरणार आई. फोन नंबरसुद्धा तिने स्वतःचाच दिला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. डोक्याला एक ताप कमी.

पहिल्याच वर्षी जून आला आणि खात्यात पैसे पडायचे थांबले. मग आईला फोन येऊ लागले. एकदा मी समोरच होते. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि पलीकडच्या बाईला आपल्या खास हिंदीत समजावलं, "अभी बंदी है. होडी सब ऊपर है. तू नारियल पुनव को फोन कर, पूरा एक साथ देगी." आवाजात जराही ओशाळेपण नव्हतं, उलट माया होती. फोन ठेवताना तिने त्या बाईला बजावलं की बंदीच्या दिवसांत ताजी मासळी म्हणून कुणी काही विकलं तर घेऊ नकोस, ती बर्फातली जुनी असते. मी हसले. मला वाटलं, पलीकडच्यांनाही हे समजलं असणार. मीही त्याच गल्लीतली, दुसरं काही डोक्यात येणार तरी कसं? पौर्णिमेनंतर आईने राहिलेले सगळे हप्ते दंडासकट भरले. दंडाबद्दल तिची तक्रार नव्हती. ती माणसं आपल्यासाठी थांबली, मग वर थोडं द्यायला नको का, असं तिचं म्हणणं.

फ्रीझरचं कर्ज फिटेपर्यंत दरवर्षी हेच झालं. शेवटी कंपनीकडून कर्ज फिटल्याचं पत्र आलं, ते आईने देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे खोचून ठेवलं. तिला एवढंच खटकलं होतं की इतकी वर्षं इमानाने पैसे दिले, पण तिकडचं एकही माणूस कधी बोललं नाही, काय घाई होती.

मग दिंडोशीतलं घर समोर आलं. एक वृद्ध जोडपं कोकणात कायमचं राहायला जाणार होतं. त्यांचा छोटासा फ्लॅट, स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे इमारतीला लिफ्ट. माझ्या पगारात बसेल अशी किंमत होती. गावाकडचं त्यांचं घर अजून बांधून व्हायचं होतं, म्हणून त्यांना घाई नव्हती. मी घर पाहून आले आणि रात्रभर त्या लिफ्टचाच विचार करत राहिले. आई बटण दाबतेय, दार उघडतंय, आई शिवी न देता वर जातेय. मला ते घर फार हवं होतं. इतकं हवंसं मला आयुष्यात फारसं काही वाटलेलं नाही.

बँकेतली अधिकारी बाई बोरिवलीची होती, माझ्याहून तरुण, बोलायला गोड. तिने माझा क्रेडिट स्कोअर काढला आणि तिचा चेहरा पडला. स्क्रीन माझ्याकडे वळवून तिने दाखवलं. बाकी सगळे महिने ठीक आणि दरवर्षी जून, जुलै, ऑगस्ट थकलेले. मी म्हटलं, पण सगळे पैसे भरलेत. दंडासकट भरलेत.

"भरलेत ना मॅडम, ते दिसतंय," ती म्हणाली. "पण सिस्टीम वेळ बघते. तुम्ही तीन-तीन महिने गायब होता."

मी तिला बंदी समजावून सांगितली. होड्या, नारळ, पौर्णिमा, सगळं. वर्गात मुलांना सांगते तसं हातवारे करून सांगितलं. तिला पटलंही, तिच्याकडेही त्या दिवसांत सुक्या बोंबलावरच भागवतात म्हणाली. पण कर्ज काही देता येईना. मग माझं डोकं फिरलं. बुडवणारे विमानात बसून जातात आणि फेडणाऱ्यांना तुम्ही तारखा शिकवता, असं काहीबाही मी बोलले. बाजूच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. ती बाई शांत होती. मी थांबल्यावर तिने मला उपाय सांगितला. बँकेत थोडी रक्कम मुदत ठेवीत टाकायची, त्यावर एक छोटं क्रेडिट कार्ड मिळतं. त्यावर दर महिन्याला थोडा खर्च करायचा आणि तारखेच्या आधी फेडायचा. एकही महिना चुकवायचा नाही. वर्षभर असं केलं तर स्कोअर सुधारेल.

मी विचारलं, माझ्याकडे पगार आहे, मला उधारीची गरज काय?

"गरज नसली तरी थोडं घ्यायचं," ती म्हणाली. "घेतलंच नाही, तर तुम्ही देणाऱ्या आहात हे दिसणार कसं?"

घरी आले तेव्हा आई कोयता धुवत होती. मी रागातच सगळं सांगून टाकलं. ती हात थांबवून ऐकत होती. मग तिने विचारलं, एक रुपया तरी बुडवला का? मी म्हटलं, नाही. मग डाग कसला, तिने विचारलं.  त्यांच्याकडे बंदी नसते आई, एवढंच म्हणाले, आणि ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला आजही आवडत नाही. तिने कोयता पुसून ठेवला, देव्हाऱ्यामागचं ते पत्र काढलं आणि ट्रंकेत तळाशी टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला निघताना ती म्हणाली, "तो कार्ड घे. पण त्याचे पैसं मी देनार. माज्या हातानं झालाय, माज्याच हातानं निघू दे."

मी वाद घातला नाही. वाद घालून आईशी आजवर कुणी जिंकलेलं नाही, आणि तिला हे करायचं आहे हे मला दिसत होतं. दिंडोशीच्या जोडप्याला मी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायची विनंती केली. त्यांच्या गावच्या घराला अजून छप्पर नव्हतं, ते तयार झाले. कार्ड आलं. त्यावर मी महिन्याचं वाणसामान भरू लागले. आईला हा प्रकार निव्वळ येडेपणा वाटायचा. घरात पैसा असताना उधार घ्यायचं, मग त्याच पैशाने फेडायचं, आणि मग बँकेने शाबासकी द्यायची! ती कार्डाला 'तुझा पत्रा' म्हणायची. पत्र्याचे पैसे मात्र दर महिन्याला, मी मागायच्या आत, उशाशी ठेवलेले असायचे. रोकड, मासळीच्या वासाची. मी ती खात्यात भरत असे.

बंदी आली. मी मनातून घाबरले होते. वेळ पडली तर गुपचूप पगारातून भरू, असं ठरवून ठेवलं होतं. पण जूनचे पैसे वेळेवर उशाशी आले. जुलैचेही आले. मला इतका आनंद झाला की मी शाळेत स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे दिले आणि कारण मात्र भलतंच सांगितलं. बंदीत आई गाळ्यावर सुके बोंबील आणि जवळा विकते, त्यातून तिने भागवलं असेल असं मी धरून चालले. ऑगस्टमध्ये बोरिवलीच्या त्या बाईने स्क्रीन वळवली तेव्हा आकडा चांगलाच वर चढला होता. असंच चालू राहिलं तर दिवाळीच्या आत कर्ज मंजूर होईल, असं तिने सांगितलं. हसून तिने माझ्याशी हात मिळवला.

नारळी पौर्णिमा झाली. होड्यांना पताका लागल्या, बायका सोन्यानं मढून खाडीवर गेल्या, वाजतगाजत नारळ पाण्यात पडला. होड्या गेल्या आणि पहिल्या फेरीहून परत आल्या. त्या दिवशी मी मुद्दाम घरी होते. आईने दरवर्षीप्रमाणे मोठी परात घासून दाराशी ठेवली. गल्लीत वाटे फिरायला लागले. एक डावीकडच्या घरात गेला, एक उजवीकडच्या घरात गेला. नाखविणीची सून टोपली घेऊन आमच्या दारावरून पुढे गेली आणि परत आली, तेव्हा टोपली रिकामी होती. आई दारातच उभी होती. संध्याकाळी तिने परात उचलून आत पालथी घातली, गुडघे दुखतायत म्हणाली आणि जिना चढून वर गेली. एकही शिवी न देता.

मी वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. आधी ती सांगेना. मग हळूच म्हणाली की जुलैमध्ये आई नाखविणीच्या दारात गेली होती. मे महिन्यात जाळ्यांसाठी दिलेले पैसे तिने मागितले. भर बंदीत, सगळ्या गल्लीसमोर. नाखविणीने दुसऱ्या दिवशी पैसे आणून दिले. ते कुठून आणले हे कुणी विचारलं नाही. पण तेव्हापासून तिच्या सुनेच्या हातात पाटल्या दिसत नव्हत्या.

 मी वर गेले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी विचारलं, माझ्याकडे का नाही मागितलेस? मी पगारातून दिले असते.

"तुज्याकडून घेऊन तुलाच दिले तर ते माजे झाले काय?" ती भिंतीकडे बघतच म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तारीख आली होती."

दुसऱ्या दिवशी मी नाखविणीकडे गेले. सगळा दोष माझा आहे, माझ्या घरासाठी, माझ्या बँकेसाठी आईने हे केलं, असं मला सांगायचं होतं आणि मी ते सांगितलं. तिने मला बसवलं, चहा दिला, माझ्या शाळेची चौकशी केली. पैशांचं काहीच नाही म्हणाली. तिचेच पैसे होते, तिने घेतले.

"पन ती बंदीत आली गो," नाखवीण म्हणाली.

 बँकेत मी तावातावाने भांडले होते, कारण तिथे मला वाटत होतं की बरोबर आम्ही आहोत. इथे भांडायला काही शिल्लकच नव्हतं.

दिवाळीच्या आधी कर्ज मंजूर झालं. आम्ही दिंडोशीला राहायला आलो. आईला लिफ्ट आवडली. पहिले काही दिवस ती काम नसतानाही खाली-वर करायची आणि वॉचमनला उगाचच हुकूम सोडायची. मात्र कोळीवाडा तिने सोडला नाही. रोज सकाळी बसने बाजारात जायची. फक्त नाखविणीच्या होडीचा माल, जो आजवर आई विकायची, आता दुसऱ्या बायकांच्या टोपल्यांत पडायचा, आणि दोघी एकमेकींना शिव्या देईनाशा झाल्या होत्या. हे वहिनीकडून कळायचं. मला माझं घर मिळालं होतं, आकडा सुधारला होता, आणि संध्याकाळी लिफ्टचं दार उघडून आई बाहेर आली की तिच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर होत नसे. मला फार वाईट वाटायचं.

मे महिन्यात आईने कपाटातून पैसे काढले, रुमालात बांधले आणि नाखविणीला जाळ्यांसाठी द्यायला गेली. मी बाहेरून घरी आले तेव्हा पाहिलं, चपला न काढता ती खुर्चीत बसली होती आणि रुमाल तसाच हातात होता. नाखविणीने पैसे घेतले नव्हते. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात तिने सांगितलं होतं, राहू दे, तुला आता हप्ता असतो ना.

आईची सगळी ऐट त्या रुमालात होती हे मला तेव्हा कळलं. आयुष्यभर ती बंदीत दुसऱ्याला सांभाळणारी बाई होती. आता गल्लीने तिला सांभाळून घ्यायच्या माणसांत टाकलं होतं, तेही दया दाखवून. इकडे बँकेच्या स्क्रीनवर माझं नाव हिरवं झालं होतं.

काही दिवस गेले. मग एकदा जेवताना तिने विचारलं, ती तुझी बँकेतली बाई काय सांगत होती, नाव सुधारायला काय करायचं असतं? मी सांगितलं. तिने परत विचारलं, "गरज नसली तरी घ्यायचा?" मी म्हटलं, हो, थोडं. आणि वेळेवर परत करायचं. ती मान हलवून भात कालवत राहिली. मला वाटलं, म्हातारपणी माणूस एखाद्या गोष्टीभोवती घुटमळतो, तसं असेल.

बंदी सुरू झाली. एक दिवस शाळेतून आले तर जिन्यापर्यंत सुक्या बोंबलांचा वास. शेजारची बाई दार किलकिलं करून माझ्याकडे तक्रारीच्या नजरेने बघत होती. आत ओट्यावर टोपलीभर बोंबील. आमच्या माळ्यावर आईने स्वतः वाळवलेल्या बोंबलांचे दोन डबे गच्च भरलेले असताना! मी विचारलं, हे कशाला आणलंस?

"उधार आनलाय," आई म्हणाली. "नाखविनीकडून. बोलले, पैसं आता नाय, पुनवेला देते."

ती काय म्हणाली, मी विचारलं.  नाखविणीने आपल्याकडे पाहिलं आणि टोपली काठोकाठ भरून दिली, आईने सांगितलं. मी पर्स उघडली. एवढे पैसे तर माझ्याकडे सुट्टे होते, वहिनीच्या हाती लगेच पाठवता आले असते. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पर्स बंद केली.

"बंदी हाय," ती म्हणाली.

त्या बंदीत आम्ही बोंबलांचं कालवण, बोंबलांची चटणी, भाजलेले बोंबील, सगळं खाल्लं. शेजारणीला एक वाटी चटणी दिली तेव्हा तिचा वासाचा त्रास कमी झाला. मध्ये आई एकदा जाऊन सुकं कोलीमही, जवळ्यासारखं बारीक असतं ते, उधार घेऊन आली. माझ्या घराचा हप्ता दर महिन्याच्या तारखेला पगारातून कापला जात होता आणि नाखविणीचं देणं तसंच पडून होतं. त्याचे पैसे आईच्या कपाटात वेगळे बांधून ठेवलेले. कपाट उघडलं की ते मला दिसायचे आणि माझे हात शिवशिवायचे. थकलेलं देणं म्हटलं की मला अजून जून-जुलैचे ते रकाने दिसत. आई मात्र निवांत होती. इतकी निवांत मी तिला खूप दिवसांत पाहिली नव्हती.

पौर्णिमा झाली, होड्या गेल्या आणि आल्या. शाळेत अर्ज टाकून मी आईबरोबर कोळीवाड्यात गेले. वहिनीकडे चहासुद्धा न घेता आई सरळ समोरच्या दारात गेली, मी मागे. नाखवीण पायरीवर बसून कोळंबी निवडत होती. आईने कमरेची गाठ सोडली आणि पैसे पुढे केले. नाखविणीने हात लुगड्याला पुसले, पैसे घेतले, न मोजता मांडीखाली ठेवले आणि पुन्हा कोळंबी निवडायला लागली. आई उभीच होती. मी तिच्या पाठीकडे बघत होते. 

नाखविणीने मान वर केली नाही. "काय घाई होती गो?" ती म्हणाली.

 एक हात भिंतीला लावून आई हळूहळू खाली वाकली आणि नाखविणीच्या पायरीवर, तिच्या शेजारी बसली. परातीतली मूठभर कोळंबी आपल्यापुढे ओढून घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जा घरी. मना उशीर हाय."